बचत गटातली भीड: ती कुठे वापरावी आणि कुठे मोडावी

बचत गट कसा काढावा हे सांगणारी माहितीपत्रके पंचायत समितीत, बँकेत, कधी अंगणवाडीच्या भिंतीवरही सापडतात. १० ते २० बायका, दरमहा ठरलेली बचत, गटाच्या नावाचे खाते, नियमित बैठक आणि चोख वह्या, एवढे त्यांत लिहिलेले असते आणि ते बरोबरच असते. गट प्रत्यक्षात ज्या कारणाने मोडतात त्याविषयी मात्र त्यांत अवाक्षर नसते. मी गटांच्या वह्या तपासण्याचे काम करते, आणि मोडलेल्या गटाच्या वहीत बेरजेची चूक मला क्वचितच सापडली आहे. सापडते ती भीड. अध्यक्षबाईंना कोणी हप्ता मागितलेला नसतो, जावेला नाही म्हणवलेले नसते, जिने अडीअडचणीला पीठ-मीठ दिले तिच्या थकलेल्या कर्जाचा विषय कोणी काढलेला नसतो. उलट उत्तम चाललेल्या गटाची वही उघडली, तरी तिच्या मुळाशीही भीडच असते, कारण बारा जणींसमोर रिकाम्या हाताने जाऊन बसायचे कसे, या एका विचारापोटी बाई मंगळवारचा हप्ता सोमवारी रात्रीच पदराला बांधून ठेवते. १९९२ मध्ये नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग हाती घेतला, तेव्हा तारण नसलेल्या बायकांना कर्ज द्या असे बँकांना सांगितले गेले ते याच आधारावर.

तेव्हा 'भीड भिकेची बहीण' ही म्हण गटाच्या बाबतीत अर्धीच खरी आहे. एकच भीड हप्ता आणते आणि तीच तोंडही बंद करते. गट चालवणाऱ्याचे कौशल्य तिला योग्य जागी बसवण्यात आहे, आणि ते कसे साधावे एवढेच इथे सांगायचे आहे.

माणसे जमवताना

पहिली बैठक ज्या बाईच्या ओट्यावर होते तिच्याच ओळखीच्या बायका तीत येतात, आणि तिथेच गटाचा निम्मा स्वभाव ठरून जातो. एका घरातून एकच सभासद हा नियम सगळीकडे सांगितला जातो. एकाच घरात दोन कर्जे जाऊ नयेत म्हणून तो आहे, असे बहुतेकींना वाटते. त्याचा मोठा उपयोग दुसराच आहे. सासू आणि सून एका सतरंजीवर बसल्या की सून पदर सावरण्यापलीकडे काही करीत नाही, सासूचा हात वर गेला की तिचाही जातो, आणि वहीत १२ मते दिसत असली तरी प्रत्यक्षात ती ११ असतात. चार जावा, दोन नणंदा आणि त्यांच्या दोन मैत्रिणी असा गट म्हणजे तर भावकीच. बांधावरून पुरुषांची भांडणे झाली की बायकांची बैठक बंद पडते. म्हणून हा नियम थोडा वाढवून, एका भावकीतल्या दोघींपेक्षा जास्त नकोत असे ठरवावे. लहान वाडीवर सगळीच माणसे एकमेकांच्या नात्यातली असतात आणि तिथे हे जमत नाही. अशा ठिकाणी निदान अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार या तिघी वेगवेगळ्या घराण्यांतल्या असाव्यात.

संख्येविषयी. २० ची मर्यादा मुळात कायद्याशी जुळवून घेण्यासाठी आली. १९५६ च्या कंपनी कायद्याप्रमाणे २० पेक्षा अधिक माणसांना नोंदणी न करता नफ्याचा व्यवहार एकत्र चालवता येत नसे. तो कायदा बदलला, मर्यादा राहिली. माझ्या मते मात्र १४-१५ च्या वर जाऊच नये. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी-अभियंत्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी माणसांना दोर ओढायला लावून मोजमापे घेतली, तेव्हा असे दिसले की माणसे वाढली की एकूण जोर वाढतो, पण प्रत्येकाच्या वाट्याचा जोर घटत जातो. वीस जणींच्या बैठकीत 'मी नाही गेले तर कोणाला कळणार आहे' असे मनात येते. बारा जणींच्या गोलात रिकामी जागा दात पडल्यासारखी दिसते.

राहिली जात. गावातल्या वस्त्याच जातवार असल्याने, वस्तीचा गट काढला की तो बहुधा एका जातीचा होतो, आणि कोणी मुद्दाम काही केलेले नसते. मिश्र गट काढायचा असेल तर बैठक दर महिन्याला फिरती ठेवावी आणि चहाकडे लक्ष द्यावे. एका गटाची बैठक पहिल्यांदाच बौद्धवाड्यातल्या सभासदाच्या घरी होती. ताटलीत अकरा कप आले. चौघींनी 'आत्ताच घेऊन आले बाई' म्हणून कप पुढ्यात ठेवला, बैठक पाऊण तास चालली, आणि त्या चार कपांवर साय धरली. कोणी काही बोलले नाही. घरच्या बाईने कप उचलताना ते एकात एक ओतले, त्याचा आवाज मला अजून आठवतो. पुढच्या महिन्यापासून सचिवाने एवढेच केले, की चहा आला की बोलणे थांबवायचे, स्वतः पहिला कप उचलायचा आणि सगळ्यांचे कप रिकामे होईपर्यंत वही उघडायची नाही. चौघींपैकी तिघींनी दोन-तीन बैठकांत चहा घेतला, एक गट सोडून गेली. यावरून जात सुटली असे मी म्हणणार नाही, कारण त्याच तिघींच्या घरच्या लग्नात पंगतीची रीत पूर्वीसारखीच होती. पण गटापुरता एक शिरस्ता पडला, आणि तो भाषणाने पडला नसता.

पहिल्या तीन बैठका

या बैठकांत कर्ज देऊ नये. पैसा जमा व्हायचा असतो हे तर झालेच, पण सवयी लागायच्या असतात, आणि नंतर त्या लावता येत नाहीत.

हजेरी घेताना प्रत्येकीने स्वतःचे पूर्ण नाव स्वतः सांगावे. आपल्याकडे बाईच्या पूर्ण नावाच्या मधोमध नवऱ्याचे नाव येते आणि वयस्क बायका ते उखाण्यावाचून घेत नाहीत, त्यामुळे पहिल्या बैठकीत हसणे, लाजणे, शेजारणीला कोपराने ढोसून 'तूच सांग की गं' म्हणणे यांत दहा मिनिटे जातात. ती जाऊ द्यावीत. एरवी वस्तीत ही बाई कोणाची तरी आई, कोणाची तरी सून असते. वहीत मात्र तिच्या नावाचे पान असते, तिची बचत असते, आणि अंगठ्याच्या जागी सही करायला शिकायचे कारणही तिथेच मिळते. 'अमक्याच्या आई, तुमचा हप्ता राहिला' असे म्हणण्यापेक्षा तिच्या नावाने मागणे दोन्ही बाजूंना सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. का ते मला नीट सांगता येत नाही, बहुधा नात्याची हाक बाजूला पडते म्हणून असेल.

बसायचे ते जमिनीवर, गोलात. खुर्ची, बाज किंवा पायरी कोणालाही नाही. अध्यक्षबाई दर वेळी वेगळ्या जागी बसतील असे पाहावे, कारण त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला ज्या नेहमी बसतात त्या हळूहळू छोटे मंत्रिमंडळ होऊन बसतात.

पैसे मोठ्याने मोजावेत. मोजणारी एक, लिहिणारी दुसरी, ऐकणाऱ्या सगळ्या. आणि शेवटी आजची जमा, दिलेले कर्ज आणि हातची शिल्लक हे तीन आकडे सर्वांना ऐकू जातील असे वाचावेत. पेटी एका घरी आणि किल्ली दुसऱ्या घरी ठेवावी. ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून असली तर तिचा कोणाला राग येत नाही. एखादी रक्कम कमी भरल्यानंतर ती आणली, की तीच व्यवस्था आरोप ठरते, आणि खजिनदारबाई रडत घरी जातात. दंडाचेही तसेच. उशिरा येण्याला ५ रुपये की १० हा प्रश्न गौण आहे. पहिला दंड पदाधिकाऱ्याने भरलेला असावा. मला माहीत असलेल्या एका अध्यक्षबाई तिसऱ्या बैठकीला मुद्दामच दहा मिनिटे उशिरा आल्या, बसण्याआधी सतरंजीवर दहाची नोट ठेवली आणि 'पावती लिहा' म्हणाल्या. त्या गटात पुढे दंडावरून वाद झाल्याचे मी ऐकले नाही.

कर्जाचा अर्ज समोर आला की

आधी एक हिशेब बैठकीत सर्वांदेखत मांडून दाखवावा. बहुतेक गट आपसांत दरमहा शेकडा २ रुपये व्याज लावतात. एखादीने ५,००० रुपये घेतले आणि दर महिन्याला ५०० असे दहा हप्त्यांत फेडले, तर व्याज उरलेल्या रकमेवर धरायचे असल्याने ते पहिल्या महिन्यात १००, दुसऱ्यात ९०, असे उतरत शेवटच्या महिन्यात १० होते आणि एकूण ५५० भरते. तेवढेच पैसे सावकाराकडून शेकडा १० ने दहा महिने वापरले, तर पहिल्या महिन्याचे व्याजच ५०० होते. पण यापुढचे वाक्य जास्त महत्त्वाचे आहे: ते ५५० रुपये कुठेही जात नाहीत, गटातच राहतात, आणि बारा जणींच्या गटात त्यांतले सुमारे ४६ रुपये खुद्द कर्ज घेणारीचे असतात. हे समजले की 'गटाचे पैसे' हा शब्द मागे पडून बायका 'आपले पैसे' म्हणू लागतात, आणि थकवणारीकडे पाहण्याची नजर त्या दिवसापासून बदलते.

आता निर्णय. बहुतेक गटांत तो असा होतो: एक बाई अर्ज सांगते, अध्यक्षबाई 'द्यायला हरकत नाही ना?' विचारतात, आणि सगळ्या माना डोलवतात. ही संमती नव्हे. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत महाविद्यालयीन मुलांवर केलेले प्रयोग या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहेत. समोरच्या रेषांपैकी कोणती दिलेल्या रेषेएवढी आहे, इतका सोपा प्रश्न होता; पण आधी बोलणारे सगळे जण, ठरवून दिल्याप्रमाणे, चुकीचे उत्तर देत असत, आणि ते ऐकून खऱ्या विद्यार्थ्यांची सुमारे एक तृतीयांश उत्तरे तशीच चुकीची आली. आणखी एका माणसाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी चुकांचे हे प्रमाण एकदम खाली येई. तिथे तर कोणी कोणाच्या नात्याचे नव्हते. आपल्याकडे त्याच बाईच्या विहिरीवर दुसऱ्या दिवशी पाण्याला जायचे असते.

यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे पाळी. दर बैठकीत दोघींची पाळी लावून द्यावी, आणि त्या दोघींनी प्रत्येक अर्जावर तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत: कशासाठी, कशातून फेडणार, आणि आधीचे किती बाकी आहे. अर्ज अध्यक्षबाईंचा असला तरीही. पाळी असली की प्रश्नाचे ओझे बाईवर येत नाही, 'माझ्यावर का उठलीस' असे म्हणायला जागा राहत नाही, आणि चुलत जाऊसुद्धा निर्धास्तपणे विचारते, कारण पुढच्या महिन्यात तिलाही कोणीतरी विचारणार असते. मत सांगताना वयाने लहान असलेलीने आधी बोलावे, अध्यक्षबाईंनी सर्वांत शेवटी. अर्ज फारच नाजूक असेल, म्हणजे दोन बायकांना एकाच वेळी पैसे हवेत आणि शिल्लक एकीपुरतीच आहे, तर प्रत्येकीला एक हरभरा आणि एक तुरीचा दाणा द्यावा आणि मूठ मिटून तांब्यात एकच टाकायला सांगावा. खेळ वाटतो, पण तांब्या उपडा केल्यावर निघालेले दाणे पाहून बायका स्वतःच चकित होतात.

निकडीचा क्रम मात्र आधीच वहीत लिहून ठेवावा. आजारपण, शाळा-कॉलेजची फी, बी-बियाणे, धंद्याचे भांडवल, मग लग्नकार्य, असा किंवा गटाला पटेल तसा. प्रसंग समोर उभा राहिल्यावर क्रम ठरवायला बसले, की तो माणसे पाहून ठरतो.

हप्ता थकल्यावर

दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात: देता येत नाही आणि देत नाही. पहिलीत बाई बैठकीला येणे बंद करते, दुसरीत ती येते आणि कारणे सांगते. न येणारीची गटाला जास्त गरज असते, आणि नेमकी तिच्याच दारात सगळ्या मिळून जातात. तसे कधीही जाऊ नये. दोघींनीच जावे, त्यांतली एक तिच्या पसंतीची असावी, वेळ दुपारची आणि घरातले पुरुष बाहेर गेलेले असताना. पैसे मागू नयेत. पुढच्या बैठकीला ये, काय जमेल ते तिथे ठरवू, एवढेच सांगावे. मग बैठकीत हप्ता कमी करून, महिने वाढवून तो ठराव इतिवृत्तात लिहावा. लिहिलेली सवलत सगळ्यांची असते. तोंडी सवलत ही अध्यक्षबाईंची मेहेरबानी होते आणि तीतून नवी भीड जन्माला येते.

लाज ही औषधासारखी आहे, मात्रा चुकली की विष. अविभाजित आंध्र प्रदेशात गटागटाने छोटी कर्जे देणाऱ्या सूक्ष्म-वित्त (मायक्रोफायनान्स) कंपन्यांच्या वसुलीचा जाच आणि त्याच्याशी जोडल्या गेलेल्या आत्महत्यांच्या बातम्या यांमुळे सरकारला ऑक्टोबर २०१० मध्ये अध्यादेश काढावा लागला. तिथे एकीच्या थकबाकीपायी शेजारणींनाच तिच्या दारात बसवले जात होते. आपल्या गावांतही अशा कंपन्यांच्या गटांना बायका 'बचत गट'च म्हणतात, म्हणून फरक ओळखायला शिकावे, आणि तो एका प्रश्नात ओळखता येतो: व्याज कोणाकडे जाते? ते गटाच्या पेटीत राहत असेल तर तो बचत गट. बाहेरचा माणूस मोटारसायकलवर येऊन घेऊन जात असेल, तर तिथे तुमची मैत्री कोणीतरी तारण म्हणून लिहून घेतलेली आहे, आणि अशा कागदावर शेजारणीसाठी सही करण्यापूर्वी तिच्या हप्त्याएवढी रक्कम दरमहा आपल्याला भरता येईल का, याचा विचार करावा.

घर आणि शेजार

गटात गेलेल्या बाईचे घरातले स्थान वाढते हे खरे आहे, पण पहिल्या वर्षी ते बहुधा कर्ज आणणारी म्हणून वाढते. कर्ज तिच्या नावावर आणि पैसे नवऱ्याच्या हातात, हा प्रकार सर्रास चालतो. तो बंद करता येत नाही, उघडा करता येतो. कर्ज घेतल्यानंतरच्या बैठकीत तिने काय आणले ते सांगावे. शेळी आणली असेल तर पाळीच्या दोघींनी ती पाहून यावी. नवरे या चौकशीला बायकोपेक्षा जास्त बिचकतात. बैठकीचा वार आणि वेळ कधीही बदलू नये, कारण 'मंगळवारी चारला हिची बैठक असते' हे सासूने एकदा स्वीकारले की तो वार तिचा होतो. वार बदलला की परवानगीची बोलणी पुन्हा पहिल्यापासून.

शेजारपणाचे मात्र थोडे नुकसानही होते, आणि ते कोणी सांगत नाही. पूर्वी जी शेजारीण पाचशे रुपये हातउसने देत असे ती आता 'गटातून घे ना' म्हणते. गटाबाहेर राहिलेल्या बायका, आणि त्या बहुधा सर्वांत गरीब असतात, एका दाराला मुकतात. त्यामुळे गटाने दरवर्षी एक-दोन जागा मोकळ्या ठेवाव्यात, आणि दुसऱ्या गटाशी आमचा गट–तुमचा गट अशी चुरस वाढू देऊ नये. ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघाच्या, बैठकीत ती लगेच दिसते: दोन्ही गटांना थोडे मिळण्यापेक्षा त्यांना आपल्याहून कमी मिळाले यातच समाधान मानले जाते.

संक्रांतीचे हळदीकुंकू हा यातला सर्वांत नाजूक प्रसंग. वर्षभर जिच्या शेजारी बसून पैसे मोजले, ती विधवा सभासद त्या दिवशी उंबऱ्याबाहेर राहणार का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तुमच्या गावात तसा ठराव होण्याची वाट पाहायचे कारण नाही. गटाचा कार्यक्रम असेल तर बोलावण्याची यादी हजेरीची वही पाहून करावी, म्हणजे कोणाला वगळायचे हा प्रश्नच पुढे येत नाही.

निवडणुकीविषयी थोडक्यात: सभासदाने जरूर उभे राहावे, पण गटाच्या पदावर असताना नव्हे, आणि बैठकीत प्रचार नको. हा नियम पहिल्याच वर्षी, कोणी इच्छुक नसताना करून ठेवावा.

जाणारी आणि परत येणारी

बीडसारख्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा गावांत पाच-सहा महिने बैठक पडते आणि गट मोडला असे मानले जाते. जाण्यापूर्वीच्या बैठकीत तेवढ्या महिन्यांची बचत उचलीतून, म्हणजे तोडीसाठी आधीच मिळालेल्या पैशांतून, आगाऊ भरायची की परतल्यावर एकदम, हे ठरवून लिहावे. थकबाकीदार म्हणून तिचे नाव वाचले जाता कामा नये, कारण परतल्यावर ती त्या नावाला घाबरूनच येत नाही.

कायमची सोडून जाणारीचा हिशेब बैठकीतच करावा: तिची बचत, अधिक व्याजातला वाटा, वजा बाकी कर्ज. रक्कम मोठ्याने मोजून द्यावी, खात्यावर शून्य शिल्लक लिहून सही घ्यावी, आणि त्या दिवशीचा चहा तिने आपल्याबरोबर घ्यावा. मात्र रुसून गेलेलीची जागा लगेच भरू नये. ती पहिल्या महिन्यात फिरकत नाही. दुसऱ्या महिन्यात नळावर कोणाला तरी सहज विचारल्यासारखे विचारते, 'या वेळची बैठक कुणाकडे होती गं?' ज्या बाईला तिने हे विचारले, तिलाच पुढच्या मंगळवारी तिला आणायला पाठवावे.